शॉकअपच्या पाइपला पोचा, टवका किंवा चरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर दगड उडून टवका गेला, की काही दिवसांतच सील तेल सोडू लागतं. मग जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. उत्तरं वाचताना एक भेद सतत लक्षात ठेवा: घरी पाइपचा पृष्ठभाग दुरुस्त होतो, पाइपची ताकद दुरुस्त होत नाही.

खाली ‘पाइप’ म्हणजे क्रोम केलेली पोलादी नळी, ‘बॉटम’ म्हणजे तिच्यावर सरकणारा अ‍ॅल्युमिनियमचा खालचा भाग, ‘सील’ म्हणजे बॉटमच्या तोंडात बसून तेल अडवणारी रबरी कडी (ऑइल सील), ‘डस्ट सील’ म्हणजे तिच्या वर बसून धूळ अडवणारी दुसरी कडी आणि ‘टी’ म्हणजे हँडलखाली दोन्ही पाइप आवळून धरणारे वरचा-खालचा असे दोन जोड.

१. माझ्या पाइपला नेमकं काय झालंय, हे कसं ओळखायचं?

पाइप पेट्रोलच्या फडक्यानं पुसा आणि कापसाचा बोळा हलक्या हातानं वरून खाली आणि गोल फिरवा. धागे अडकतील तिथे धार उभी आहे. आता नख फिरवा. नख वर चढून खाली उतरलं तर टवक्याची कड उचललेली आहे. नुसतं खाली अडकलं तर खड्डा किंवा गंजाचं छिद्र आहे. बोटाला काहीच लागत नाही पण डोळ्यांना रेघ दिसते, तो वरवरचा चरा. तो नुसत्या पॉलिशनं निभावतो.

पोचा वेगळा. त्यात पाइपची भिंतच आत दबलेली असते. पाइपवर ट्यूबलाइटचा उजेड पाडा. प्रतिबिंबाची सरळ रेघ एखाद्या जागी वाकडी झाली, तर तो पोचा (प्रश्न ११). आणि चाक सरळ असताना हँडल तिरकं राहत असेल, तर बाक किंवा पीळ तपासा (प्रश्न १२).

२. तांदळाच्या दाण्याहून लहान टवका. त्यानं एवढं तेल का गळतं?

सीलचं काम एका पातळ रबरी ओठावर चालतं. बारीक स्प्रिंग त्या ओठाला पाइपवर दाबून ठेवते. टवक्याची उभी कड प्रत्येक खड्ड्यागणिक या ओठावरून कानशीसारखी घासत जाते आणि ओठाला चीर पडते. एकदा चीर पडली, की पाइप कितीही गुळगुळीत केला तरी गळती थांबत नाही. नुसतं सील बदलून महिन्याभरात पुन्हा गळती लागते, त्याचंही कारण हेच: कड तशीच राहिलेली असते. म्हणून क्रम नेहमी एकच, आधी पाइप आणि मग सील.

३. तेल गळतंय, पण पाइपवर काहीच सापडत नाही. सील बदलून टाकू का?

थोडं थांबा. बऱ्याचदा ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. डस्ट सील पातळ स्क्रूड्रायव्हरनं सांभाळून वर सरकवा. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची किंवा एक्स-रे फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापा, टोकाला हूकसारखी खाच करा आणि सीलच्या ओठाखाली सारून पाइपभोवती पूर्ण फेरी मारा. काळा गाळ बाहेर येईल. पाइप पुसा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा आणि पुन्हा पुसा. तेलाचा नवा गोल उमटला नाही, तर सीलचा खर्च वाचला. पट्टीसाठी धातूचा पत्रा कधीही वापरू नका.

४. टवका बराच वर आहे. सील तिथपर्यंत जात नसेल तर सोडून देऊ?

आधी मोजा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत ठेवा आणि डस्ट सीलच्या वरच्या कडेपासून शॉकअपच्या पूर्ण प्रवासाइतकं (तो जास्तीत जास्त जितका दबतो तितकं) अंतर वर मोजा. २०२१ पासूनच्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मध्ये ते १३० मिमी आहे, हिमालयन ४११ मध्ये २०० मिमी. या पट्ट्यात टवका असेल तर दुरुस्ती हवीच. पट्ट्याच्या वर असेल तर फक्त गंज थांबवायचा: घासा, पुसा, वर पारदर्शक लॅकरचा हात द्या. रोजच्या वापरात सील खरोखर कुठवर जातं हे पाहायचं असेल, तर पाइपवर प्लास्टिकचा झिप-टाय सैलसर बांधून डस्ट सीलला टेकवा. तो जिथे सरकून थांबेल ती हद्द. मोठ्या खड्ड्यात ती ओलांडली जाते, एवढं ध्यानात ठेवा.

५. सामान काय लागतं?

बारीक दाण्याचा सपाट ऑइल स्टोन. ८००, १००० आणि २००० नंबरचा काळा पाण्याचा पॉलिश पेपर. हळू सुकणारं दोन ट्यूबचं अ‍ॅराल्डाइट. अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्रासोसारखं मेटल पॉलिश. दाढीचं नवं ब्लेड, टूथपिक, सुती फडकी. सील बदलायचं असेल तर वर ऑइल सील, डस्ट सील, बॉटमच्या बोल्टाचं तांब्याचं वायसर आणि शॉकअप ऑइल.

सील घेताना जुनं सोबत न्या. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे उठवलेले असतात, उदाहरणार्थ ४१×५४×११. तिन्ही जुळले पाहिजेत.

६. टवका भरायची पूर्ण पद्धत सांगा.

घाईनं बिघडणारं काम आहे. दोन दिवस हाताशी ठेवा. एक दिवस नुसता सुकण्यात जातो.

पहिलं काम कड उतरवण्याचं. ऑइल स्टोनवर तेलाचे दोन थेंब टाका आणि दगड पाइपच्या गोलाईला स्पर्श करत, फक्त उचललेल्या कडेवर चालवा. क्रोम अतिशय कठीण असतं, साधी कानस त्यावरून घसरते. पण थर केसाहूनही पातळ, काही शतांश मिलिमीटरचा. कड गेली की लगेच थांबा. दगड आजूबाजूच्या चांगल्या क्रोमवर फिरत राहिला तर सपाट चट्टा पडतो आणि सील तिथे कायम गळतं. कड गेली का, हे पुन्हा कापसानंच पाहा.

मग १००० चा पेपर तेलात भिजवून पाइपभोवती गुंडाळा आणि बूट पुसतो तसा दोन्ही टोकं धरून गोल घासा. वर-खाली घासू नका. उभ्या रेघा तेलाला बाहेर यायला वाट देतात, आडव्या रेघा उलट थोडं तेल धरून ठेवतात आणि सीलला ओलावा देतात. खड्ड्यात गंज असेल तर तो टाचणीच्या टोकानं खरवडून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. गंजावर बसवलेला भराव पहिल्या पावसाळ्यात सुटतो.

आता अ‍ॅसिटोन. खड्डा निदान तीनदा, दर वेळी नव्या फडक्यानं पुसा आणि नंतर तिथे बोट लावू नका. भराव सुटतो तो बहुतेक वेळा इथल्या हयगयीमुळे. बोटाचा तेलकटपणाही पुरेसा असतो.

अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समान मापानं घेऊन काचेवर दोन मिनिटं सावकाश घोटा, म्हणजे बुडबुडे राहणार नाहीत. टूथपिकच्या टोकानं खड्ड्याच्या तळापासून भरत या आणि वर किंचित फुगवटा ठेवा. पाइप आडवा, खड्डा आकाशाकडे. २४ तास हात लावायचा नाही. पावसाळी गारठ्यात ३६ तास द्या.

सुकल्यावर ब्लेड जवळजवळ आडवं धरून फुगवटा पातळ पापुद्र्यांनी उतरवा. क्रोमला टेकेपर्यंत आलात की ८०० चा पेपर छोट्या सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून फक्त भरावावर, नंतर १००० आणि २००० गोल दिशेनं. बोटानं दाबून पेपर चालवला तर मऊ भराव आधी झिजतो आणि मध्ये वाटी होते. शेवटी मेटल पॉलिश. डोळे मिटून बोट फिरवा. भराव कुठे आहे ते कळलं नाही, तर काम जमलं. थोडासा खाली राहिला तरी निभावतं, वर राहिलेला चालत नाही.

७. अ‍ॅराल्डाइटऐवजी फेविक्विक, नेलपॉलिश किंवा एम-सील चालेल?

फेविक्विक पटकन सुकतं पण ठिसूळ असतं, धक्क्यांनी त्याचा तुकडा उडतो. प्रवासात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरतं ठीक. नेलपॉलिश केसाएवढ्या चऱ्यात बसतं, खड्ड्यात आकसतं. एम-सीलचा पोत भरड आहे, त्याला आरशासारखी सपाटी येत नाही. वेल्डिंगचा टाका किंवा पितळ मात्र कधीही नको. उष्णतेनं आजूबाजूचं क्रोम तडकतं आणि पोलादाची ताकदही बदलते.

८. शॉकअप न उतरवता गाडीवरच भराव करता येईल?

टवका डस्ट सीलच्या बराच वर असेल आणि सील अजून कोरडं असेल तर येईल. चाक हवेत घ्या, डस्ट सीलच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळून वर टेप लावा, म्हणजे घासलेली भुकटी आत जाणार नाही. बाकी कृती प्रश्न ६ प्रमाणेच. भराव पूर्ण सुकेपर्यंत चाक जमिनीवर टेकवू नका. तेल गळायला लागलंच असेल तर सील बदलावं लागणार. मग पाइप उतरवून टेबलावर काम करणं सोपं पडतं.

९. शॉकअप खोलताना काय चुकतं?

सर्वांत जास्त चुकतो तो क्रम. वरची टोपी पाइप टीमध्ये असतानाच सैल करायची: वरच्या टीचा बोल्ट ढिला, खालच्या टीचा घट्ट. पाइप बाहेर काढल्यावर टोपी सुटेना म्हणून तो पाइप पान्यात किंवा थेट व्हाइसमध्ये आवळला, की चांगल्या पाइपला नवे पोचे येतात. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटचे आटे सोडताना टोपीवर तळहाताचा दाब ठेवा आणि चेहरा बाजूला घ्या.

बॉटमच्या तळाचा अ‍ॅलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच सोडवा. स्प्रिंगच्या दाबामुळे आतली डॅम्पर दांडी गरागरा फिरत नाही. तरीही फिरलीच, तर झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक निमुळतं तासून वरून आत ठोसा आणि घट्ट दाबून धरा.

सील बाहेर काढण्याआधी त्याची रिंग-क्लिप काढायला विसरू नका. नवं सील घालताना पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी ओढा, तिला शॉकअप ऑइल चोपडा आणि त्यावरून सील सरकवा. आकडे उठवलेली बाजू वर. नव्या सीलवर जुनं सील ठेवा, त्यावर योग्य मापाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा टेकवा आणि नवं सील चहूबाजूंनी सारखं ठोकत बसवा. क्लिपची खाच पूर्ण दिसली, की ते बसलं.

१०. तेल कोणतं आणि किती?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, तेवढंच. इंजिन ऑइल नको. मिलिलिटरच्या मापापेक्षा पातळीचं माप जास्त खरं, कारण जुनं तेल आत थोडं उरतंच. स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली दाबलेला, शॉकअप उभा. हवा निघेपर्यंत पाइप पंपासारखा वर-खाली करून पुन्हा पूर्ण खाली दाबा, दहा मिनिटं थांबा आणि पाइपच्या वरच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या सिरिंजला पातळ नळी लावून ठरलेल्या अंतरावर टेप चिकटवा. थोडं जास्त तेल ओतून त्या खुणेपर्यंत ओढून घ्या, माप अचूक येतं. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. जास्त तेल भरलं तर आत हवेला जागा उरत नाही आणि नवं सीलच बाहेर ढकललं जातं.

११. भिंत आत दबली आहे. आतून ठोकून बाहेर काढता येईल का?

लेथवर पोलादाचा गोल ठोकळा करून तो आतून ढकलायची युक्ती सांगितली जाते. पोचा काही अंशी बाहेर येतोही. पण क्रोम ठिसूळ आहे. एकदा दबताना आणि पुन्हा उचलताना ते तडकतं, आणि त्या तडांतून पाणी शिरून सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की दबलेल्या जागी पाइपची गोलाई मोडलेली असते आणि पुढचा जोराचा धक्का नेमका तिथेच पाइपला दुमडतो.

नियम सरळ ठेवा. पोचा डोळ्यांना दिसतो आणि बोटालाही लागतो, तर पाइप बाद. टीच्या लगत खाली असेल तर कितीही छोटा असला तरी बाद, कारण ब्रेक लावताना सगळ्यात जास्त ताण तिथे येतो. उथळ पोचा सीलच्या पट्ट्याबाहेर आणि टीपासून लांब असेल, तर मॅन्युअल पाहणाऱ्या चांगल्या मेकॅनिकला दाखवून मगच ठरवा.

१२. पाइप वाकला आहे का, हे घरी कसं कळेल?

गाडी पडल्यावर हँडल तिरकं दिसलं, की लोक थेट बाक समजतात. पुष्कळदा पाइप फक्त टीमध्ये पिळलेले असतात. चाक हवेत घेऊन अ‍ॅक्सल, पुढच्या मडगार्डचे बोल्ट आणि दोन्ही टीचे बोल्ट थोडे सैल करा (पूर्ण नाही, नाहीतर पाइप खाली सरकतील). चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा. टीचे बोल्ट आवळा, अ‍ॅक्सल नट आवळा, चाक जमिनीवर घेऊन शॉकअप तीन-चारदा दाबा, मग अ‍ॅक्सलचा पिंच बोल्ट आणि मडगार्ड. सरळ झालं तर तो पीळ होता.

नाही झालं, तर पाइप उतरवून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर हळू लोळवा आणि खालून येणारा उजेड पाहा. पूर्ण फेरीभर फट सारखीच राहिली तर दोष ओट्याचा. फिरवताना फट कमी-जास्त झाली तर दोष पाइपचा. फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) ती मोजता येते. खरं माप व्ही-ब्लॉक आणि डायल गेजवर, कोणत्याही लेथवाल्याकडे पाच मिनिटांत मिळतं. अनेक मॅन्युअलांत मर्यादा ०.२ मिमी असते. डायलवर दिसणारा आकडा प्रत्यक्ष बाकाच्या दुप्पट असतो, त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा कुठला हे नीट वाचा.

१३. बेंड काढून देणारे कमी पैशात पाइप सरळ करतात. करून घेऊ?

हायड्रॉलिक प्रेसवर, थंड अवस्थेत, सौम्य आणि लांबट बाक निघतो. बाकाच्या आतल्या बाजूला चुणी पडली असेल, क्रोमला केसाएवढ्या तडा दिसत असतील किंवा पाइप आधी एकदा सरळ केलेला असेल, तर नको. गॅसनं तापवून सरळ करणारा समोर असेल तर पाइप उचला आणि निघा. बऱ्याच कंपन्या बेंड काढायला मुळातच मनाई करतात, आणि नवा पाइप सहज मिळत असताना आम्हीही तेच सांगू.

१४. कोकणात राहतो. पाइपवर गंजाचे बारीक ठिपके येतात. उपाय?

क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा मुळातच असतात. खाऱ्या हवेत ओलावा त्यांतून पोलादापर्यंत पोहोचतो. नुसते तपकिरी डाग असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून गोल घासा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. सुटे खड्डे असतील तर प्रश्न ६. सीलच्या पट्ट्यात नखाएवढ्या जागेत चार-पाच खड्डे असतील तर भराव टिकत नाही (प्रश्न १५ आणि १६).

पावसाळ्यात दर आठवड्याला पाइप पुसून शॉकअप ऑइलचा पुसट हात द्या. पाइपवर चढवायचे रबरी बूट दगडांपासून वाचवतात पण आत पाणी साठवतात. ते लावले असतील तर दर महिन्याला वर सरकवून आत पाहा.

१५. पुन्हा क्रोम करून मिळतं का?

मिळतं, पण ते ‘हार्ड क्रोम’ हवं. सायलेन्सरला करतात ते शोभेचं क्रोम अत्यंत पातळ असतं आणि सीलखाली टिकत नाही. पद्धत अशी: जुना थर काढायचा, पाइप ग्राइंड करायचा, जाड हार्ड क्रोम चढवायचं आणि पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणायचा. हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्या करणाऱ्यांकडे हे होतं. भोसरी-वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींत विचारा. देताना मूळ व्यास लिहून द्या आणि शेवटचं ग्राइंडिंग त्यात धरलंय का, ते आधीच विचारा. जुन्या येझदी, आरएक्स १०० किंवा परदेशी गाडीसाठी हा खर्च पटतो.

१६. नवा पाइप घ्यायचा तर एकच की दोन्ही?

स्प्लेंडर, शाइन, पल्सरसारख्या गाड्यांचे पाइप सहज मिळतात, आणि तिथे मोठ्या खड्ड्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. वाळूजची एन्ड्युरन्स, चाकणची गॅब्रिएल असे शॉकअप बनवणारे महाराष्ट्रातच आहेत. टवक्यासाठी एक पाइप बदलला तरी पुरतं. अपघातानं एक वाकला असेल तर दुसराही मोजल्याशिवाय परत बसवू नका. सील आणि तेल मात्र दोन्ही बाजूंचं एकदम बदला. घेताना गाडीचं वर्ष सांगा: आधीच्या, युसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनच्या क्लासिक ३५० चा पाइप ३५ मिमीचा, २०२१ नंतरच्या क्लासिकचा ४१ मिमीचा.

१७. माझ्या गाडीला उलटे शॉकअप आहेत. हीच पद्धत चालेल?

भरावाची कृती तीच, धोका जास्त. ड्यूक ३९० किंवा हिमालयन ४५० सारख्या गाड्यांत चकचकीत पाइप खाली, चाकाशेजारी असतो. त्याला दगड जास्त लागतात आणि गळलेलं तेल सरळ ब्रेकच्या कॅलिपरकडे उतरतं. आतली रचनाही गुंतागुंतीची, ती खोलायला खास हत्यारं लागतात. टवका घरी भरा, सील वर्कशॉपमध्ये बदला. पाइपसमोरचं प्लास्टिकचं गार्ड तुटलं असेल तर ते आधी लावा.

१८. तेल डिस्कवर आलंय. पुसलं की झालं ना?

डिस्क ब्रेक-क्लीनरनं धुऊन स्वच्छ होते. पॅड तेल शोषतात, ते बदलाच. पॅड बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

१९. अपघातात शॉकअप वाकला. विम्यात बसतं का?

स्वतःच्या नुकसानीचं कवच असेल तर बसतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. सर्व्हेअरनं पाहण्याआधी काहीही खोलू नका. झीरो-डेप (घसारा न कापणारं कवच) नसेल तर रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. आपोआप झिजून गळलेलं सील विम्यात येत नाही.

२०. दुरुस्ती टिकली की नाही, हे कधी कळतं?

पाइप कोरडा पुसून ५० किलोमीटर चालवा आणि पांढरा टिश्यू फिरवा. पुसटसा तेलकट डाग ठीक, सीलला तेवढा ओलावा लागतोच. ठळक गोल किंवा ओघळ दिसला तर भराव वर राहिला आहे किंवा सील बसवताना कापलं गेलं आहे. २०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहा, आणि भरावाच्या कडेवर नख फिरवा. कड सुटत असेल तर सगळा भराव खरवडून प्रश्न ६ मधल्या अ‍ॅसिटोनच्या पायरीपासून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही सुटला तर पाइप बदला. परत बसवताना पाइप टीमध्ये थोडा फिरवून भराव बाहेरच्या कुशीला आणता आला तर जरूर आणा: दाब पाइपच्या पुढच्या आणि मागच्या अंगावर येतो, कुशीला कमी.